पाचवी सवाशीण

बारा वर्षं झाली त्या थपडेला, पण भिवंडीत अजून कुणी धम्मदिनाला धम्मदिना म्हणून हाक मारत नाही. भाजीवालीपासून ते शेअर रिक्षाच्या लायनीतल्या पोरांपर्यंत सगळ्यांना ती गोदीच. "अरे वो देख, थप्पडवाली!" असं लूमच्या दारातून कुणीतरी ओरडतं, आणि ही आपली ओढणी सावरून पुढं चालू लागते.

पंधरा वर्षांची होती, दहावीत. शाळेत पिक्चरवाले आले आणि शंभर पोरींतून हिला उचललं. वीटभट्टीवरची गोदी भर जत्रेत सरपंचाच्या पोराच्या मुस्काटात ठेवून देते, असा तो सीन होता. थेटरात लोक खुर्च्यांवर चढले. पोरीला मोठं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, धामणकर नाक्यावर दहा फुटी बॅनर लागला. तिचा बाप वाल्मीक त्या दिवशी लूमची शिफ्ट बुडवून बॅनरखाली दोन तास उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, आता पोरीचं नशीब उघडलं.

उघडलं कसलं डोंबल! पुढच्या वर्षी एका मालिकेत मोलकरीण झाली आणि विसाव्या भागात आगीत मेली. मग हिरोईनच्या मैत्रिणीचं काम मिळालं. त्यात चार वाक्यं होती, आणि चारातली दोन "अय्या, खरंच?" अशी होती. नंतर तेही बंद. ऑडिशनला गेलं की लोक उठून हात मिळवायचे, "काय काम केलं होतंस गं तेव्हा!" म्हणायचे, आणि शेवटी ठरलेलं वाक्य यायचं, "पण तुझ्यात आम्हाला गोदीच दिसते. आमची मुलगी जरा वेगळ्या घरातली आहे." वेगळं घर म्हणजे कसलं घर, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि हिनं कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, ती काही दूधखुळी नव्हती.

तर सत्ताविसाव्या वर्षी ही बक्षीस मिळवलेली नटी मानकोलीच्या एका गोदामात पार्सलं स्कॅन करायची ड्युटी करत होती, आणि सुट्टीच्या दिवशी हळदी. आमच्याकडची हळद ज्यानं पाहिली नाही त्याला सांगायलाच हवं. राहनाळ, मानकोलीच्या जमिनींवर गोदामं उभी राहिली आणि तेव्हापासून या पट्ट्यात लग्नापेक्षा हळद मोठी झाली. डीजे पाहिजे, फ्लेक्स पाहिजे, आणि टीव्हीवरचं कुणीतरी माणूस स्टेजवर पाहिजेच. नामा नावाचा एक निवेदक होता, बोलण्यात पटाईत. त्यानं धम्मदिनाचा कार्यक्रम बसवला. नवरदेवाच्या मित्रांनी रांग लावायची, एकेकानं पुढं येऊन सरपंचाच्या पोरासारखी मिशी पिळायची, आणि गोदीनं त्याच्या गालावर वाजवायची. पोरं हसायची, गाल चोळायची, व्हिडिओ टाकायची. ज्या असल्या पोरांना मारलं म्हणून पिक्चरमध्ये टाळ्या पडल्या, तीच पोरं आता हौसेनं मार खायला रांगेत. हसावं का रडावं, तुम्हीच सांगा.

आणि मार तरी कुठला? ती थप्पड मुळात खोटी होती. फाइट मास्टरनं तिला शिकवलं होतं, तळवा वाटीसारखा पोकळ करायचा आणि गालाच्या मधोमध टाकायचा. आवाज फटाक्यासारखा होतो, लागत काहीच नाही. धम्मदिनानं जन्मात कुणाला खरी थप्पड मारली नव्हती. तिचा नियम एकच होता, तोंड कोरडं पाहिजे. तेल-हळद लागलेल्या तोंडावर ती हात टाकायची नाही, कारण हात सटकतो, आणि पोकळ तळवा जर कानावर जाऊन बसला तर आतली हवा कानाचा पडदा फोडते. हे मास्टरनं तिच्याकडून दहा वेळा वदवून घेतलं होतं.

त्या शनिवारची हळद राहनाळच्या केसरीनाथशेठकडची. धाकटा मुलगा भाविक, त्याचं रविवारी लग्न. रात्री दहाला डीजे बंद करायला पोलीस येतात, म्हणून शेठनं कार्यक्रम दुपारी चारलाच लावला होता. धम्मदिना ही हळद खरं तर घेणार नव्हती. सोमवारपासून तिचं शूटिंग होतं. खरंखुरं, पहिल्या भागापासून दहाव्या भागापर्यंतचं! कुणाल नावाच्या एका नव्या दिग्दर्शकानं तिला फौजदारीण केली होती. तिच्या भूमिकेला नाव होतं, आडनाव होतं, क्लोजअप होते. बारा वर्षांनी पहिल्यांदा कुणी गोदीचं नावही न काढता तिला काम दिलं होतं. मग हळद का घेतली? तर सेट लागला होता मानकोलीच्या एका रिकाम्या गोदामात, आणि ते गोदाम होतं केसरीनाथशेठचं. "शेठला नाही म्हणू नको, दिना," नामा म्हणाला. "शेठनं तोंड वाकडं केलं तर लोकेशन जाईल, आणि तुझ्यामुळं गेलं असं होईल." पटलं तिला. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते उगीच नाही.

आई बरोबर होतीच. शेवंताबाई कुठल्याही हळदीला कपड्यांची पिशवी घेऊन यायची, स्टेजमागं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि पोरीचं काम संपलं की तिला घेऊन रिक्षा गाठायची. त्या दिवशीही ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

कार्यक्रम रंगला. नवरदेवाला पाच सवाशिणींनी पहिली हळद लावून झाली होती, मग गोतावळ्यानं त्याला डोक्यापासून पायापर्यंत पिवळाधमक करून टाकला होता. हातात त्याची ती लग्नाची कट्यार, टोकाला लिंबू खोचलेलं. मित्रांची रांग झाली. अकरा गाल वाजले, मांडव हसून लोळला. मग भाविकचा थोरला भाऊ सार्थक स्टेजवर चढला आणि त्यानं नवरदेवालाच दंडाला धरून पुढं आणलं.

"आता नवऱ्याला एक पाहिजे!"

"सार्थकदादा, नको," धम्मदिना हळूच म्हणाली. "हळदीच्या तोंडावर मी मारत नाही. हात सटकतो."

"आगो, काय न्हाय होत! पोरं बघतान."

"खरंच नको दादा. कानाला लागेल."

"घाबरलीस काय गो गोदी?" सार्थकनं माइकमधून विचारलं आणि सगळा मांडव "गोदी! गोदी!" करत सुटला. समोर पहिल्या रांगेत केसरीनाथशेठ पान खात बसला होता. तो हसला आणि त्यानं हातानं खूण केली, होऊ दे. तिनं त्याच्याकडं पाहिलं, आणि सोमवार तिच्या डोळ्यांपुढं आला. इथंच चुकली. नाही म्हणून खाली उतरली असती तर फार तर शेठ रुसला असता. पण बारा वर्षं ज्याला कुणी विचारलं नाही, त्याला रुसव्याचीही भीती वाटते.

तिनं नवरदेवाच्या गालावरची हळद ओढणीनं पुसली, पण तेल काय ओढणीनं निघतं? तळवा पोकळ केला, हात टाकला. हात गालावरून सर्रकन वर गेला आणि कानावर झाकणासारखा बसला.

आवाज असा झाला की डीजेवाल्यानंसुद्धा मान वर केली. भाविक हसत होता, तो हसता हसता थांबला, गुडघ्यावर आला आणि आडवा झाला. कट्यार हातातून सुटली. कानातून रक्ताची बारीक धार निघून हळदीवरून मानेपर्यंत ओघळली.

"हळदीच्या आंगाचं रगत सांडलं!" त्याची आई, कमळकाकी, किंचाळली. "उद्या लगीन हाय माझ्या पोराचं! खाल्लं गो हिनं माझ्या पोराला!"

पुढं जे झालं ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर झालं. सार्थकनं धम्मदिनाची वेणी मुठीत धरली आणि तिला स्टेजवर आडवी पाडली. दोन मित्र धावले. मघाशी हौसेनं गाल पुढं करणारेच ते. एकानं बरगडीत लाथ घातली, दुसऱ्यानं पाठीत. "भाऊ, ॲक्सिडेंट आहे, ॲक्सिडेंट!" म्हणत नामा मध्ये पडला, तर त्याच्याच माइकनं त्याचं तोंड फोडलं. माइक चालू होता. त्याचे दात मोडल्याचा आवाज दीड हजार माणसांनी चार स्पीकरवरून ऐकला. दोघांनी त्याला ओढत मांडवाबाहेर नेऊन टाकलं. शेवंताबाई पिशवी टाकून धावली, पण पायरीशीच दोन दांडग्या बायांनी तिला दोन्ही दंडांना धरलं. तिनं एकीच्या मनगटाला चावा घेतला, तेव्हा तिच्या पोटात कोपर बसलं आणि तिचा श्वासच अडकला.

सार्थकनं पडलेली कट्यार उचलली. तेव्हा कुठं केसरीनाथशेठ उठला.

"ती ठेव!" तो गरजला. "लग्नाची हाय ती. तिला रगत नको लावू."

बघा, काळजी कसली होती ती! पोरीची नाही, कट्यारीची. सार्थकनं कट्यार कपाळाला लावून पाटावर ठेवली आणि पुन्हा एक लाथ घातली. पाहुण्यांत एक डॉक्टर होता, त्यानं भाविकचा कान पाहिला. पडदा फाटलाय, पण महिन्याभरात भरून येईल, उद्या लग्नाला उभा राहील, असं म्हणाला. भाविकला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जाता जाता तो पोरगा पुटपुटला, "दादा, तिची चूक न्हाय, तूच सांगितलंस." सार्थकनं ते ऐकलं नाही, ऐकलं तरी ऐकायचं नव्हतं.

केसरीनाथशेठ स्टेजवर आला. त्यानं धम्मदिनाला उठवून उभी करायला सांगितलं. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, पण चेहऱ्याला अजून काही झालं नव्हतं. लाथा खातानाही तिनं चेहरा दोन्ही हातांत लपवला होता. मार चुकवता येत नव्हता, तोंड तेवढं वाचवता येत होतं. क्लोजअप होते ना सोमवारी!

"पोरी," शेठ अगदी शांतपणे बोलला. शांत माणसाची मला जास्त भीती वाटते. "माझ्या पोराच्या हळदीन रगत सांडलं. अपशकून जाला. तो उतरवाया लागंल. पोलीस नको, बोभाटा नको. हळद जशी लागते, तशाच रीतीनं. पाच सवाशिणी येतील आनि एकेक देतील. तू गुमान उभी राहायचं. फिटंफाट. मंग सोमवारी कामाला ये, कुनी आडवणार न्हाय."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मना एक फोन करावा लागंल. दिग्दर्शकाला गोदाम पाहिजे असंल तर तू नसशील. तुला उचलून दुसरी ठेवायला त्याला किती वेळ लागतो, ते तुला जास्त ठावं."

तिला ठाऊक होतं. अर्धा तास लागतो. बारा वर्षांत तिनं ते सात वेळा पाहिलं होतं.

"तोंडावर नको, शेठ," ती म्हणाली. "पाठीवर मारा. हात मोडा. तोंडावर नको, माझं शूटिंग आहे."

हे बोलली आणि जीभ चावली. आपल्याला काय दुखतं हे मारणाऱ्याला सांगायचं नसतं. शेठनं मान हलवली.

"माझ्या पोराच्या तोंडावरच मारलीस ना?"

दोन दिवसांत सूज उतरेल, तिनं मनात हिशेब केला. बर्फ लावू, वर मेकअप आहे. पाच थपडा. आगीत मरायचा सीन तिनं नऊ टेकमध्ये केला होता, केस खरेच जळले होते. हे त्याहून किती जास्त असणार?

"चालेल," ती म्हणाली आणि हात पाठीमागं बांधून उभी राहिली.

"दिने!" खालून शेवंताबाई ओरडली. "आगं दिने, नाय म्हन! घरला चल!" कुणीतरी तिच्या तोंडावर हात दाबला. समोर मोबाइल वर झाले, शेकडो.

पहिली कमळकाकी आली. रडत रडत आली, रडत रडत मारली. आईचा हात होता, त्यात पोराचं रक्त पाहिल्याचा राग होता. धम्मदिनाची मान फिरली, पण पाय हलले नाहीत.

दुसरी ठमाबाई, नवरदेवाची आत्या. कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेला. तिनं दातओठ खाऊन अशी दिली की दोन बांगड्या फुटल्या आणि काच धम्मदिनाच्या डोळ्याखाली ओरबाडून गेली. रक्त आलं. "ये गो आता नाचाया!" म्हणत ठमाबाई थुंकली. थुंकी गालावरच्या रक्तात मिसळून हनुवटीवरून ओघळली. हात पाठीमागं बांधलेले होते, ती ते सोडून पुसायला गेली नाही.

तिसरी दिपाली, मानकोलीची चुलती. तिचा उलटा हात बसला आणि अंगठीनं ओठ फाटला. तोंडात खारट चव आली, ती तिनं गिळली. दोन टाके पडतील, धम्मदिनानं मनात म्हटलं. दोन टाके झाकता येतात.

चौथी हेमाली, सार्थकची बायको. पंचविशीची पोर, हिचे व्हिडिओ बघून बघून मोठी झालेली. मघाशी जेवताना तिनंच गळ्यात हात घालून सेल्फी काढला होता. तिनं हात उचलला, गालाला नुसता लावला आणि मागं सरकली.

"ही काय थप्पड जाली?" सार्थक खेकसला. "मार नायतर तुला देतो."

हेमालीनं डोळे मिटले आणि मारली. मग दोन्ही हात स्वतःच्याच तोंडावर दाबून ती धावत घरात गेली. तिच्या मागोमाग बायकांच्या घोळक्यात चुळबूळ झाली. कुणाचं पोर रडायला लागलं, कुणाला चूल आठवली, कुणाला औषध घ्यायचं राहिलं होतं. पाचवी जी ठरली होती, ती दिसेचना. शेठनं दोन वेळा हाक मारली. एकही सवाशीण पुढं आली नाही. बायकांना असलं बघायला जमतं, करायची पाळी आली की पदर तोंडावर येतो. पण त्या दिवशी त्यांनी पाय मागं घेतला, एवढं मी त्यांच्या पदरात टाकतो.

"चारावर सोडता येत न्हाय," ठमाबाई म्हणाली. "पाच म्हंजे पाच. नायतर उतरत न्हाय अपशकून."

केसरीनाथशेठनं मांडवभर नजर फिरवली आणि ती पायरीशी येऊन थांबली.

"हिचा नवरा हाय ना जिता?" त्यानं विचारलं.

"हाय की. वाल्मीक. लूमवर होता तो," कुणीतरी सांगितलं.

"मंग हीच पाचवी सवाशीण. सोडा तिला. ये गो शेवंता, वर ये. तुझी पोर, तूच सुटका कर तिची."

मांडवात कुणीतरी खुदकन हसलं. बायांनी हात सोडले. शेवंताबाईच्या दंडांवर बोटांचे वळ उठले होते. ती पायऱ्या चढून वर आली, लेकीच्या समोर उभी राहिली आणि आधी शेठकडं वळली.

"शेठ, तुमच्या लग्नाची हळद जाली ना, तवा मी वीस वर्षांची व्हते. तुमच्याच शेतान भाताची आवणी करत व्हते. हळद बघाया आले तर तुमची आई बोलली, लांब रहा गो, सावली पाडू नको. मांडवाभायेर पान वाढलं मना. तवा पन माझा नवरा जिताच व्हता. आज भावकीतली बाई मिळना, तर मी सवाशीण जाले? आमच्या हाताची हळद न्हाय चालली कधी तुमाला. थप्पड चालते?"

 शेठची पानाची पिंक तोंडातच राहिली.

"आई," धम्मदिना दातातल्या दातात म्हणाली. फाटलेल्या ओठातून शब्द नीट निघत नव्हता. "वाद घालू नको. मार. एकच राहिली आहे. सोमवार आहे गं माझा. मार आणि चल."

शेवंताबाईनं तिच्याकडं पाहिलं. डावा गाल फुगून डोळा अर्धा मिटला होता. काचेचा ओरखडा, ओठाचं रक्त, हनुवटीवर परक्या बाईची थुंकी. आणि हात अजून पाठीमागं बांधलेले, शाळेतल्या पोरीसारखे, सोमवारच्या आशेनं. आधी तिनं पदराच्या टोकानं ती थुंकी पुसली. पुसून घेतली, पदर कमरेला खोचला, आणि मारली.

नुसती मारली नाही, ओढून मारली. आवणी, भाताची कापणी, पाण्याचे हंडे, चाळीस वर्षांचं काम होतं त्या हातात. चार जणींना जे जमलं नाही ते झालं. धम्मदिना दोन पावलं मागं जाऊन पाटाशेजारी आदळली. तिचे हात सुटले. बारा वर्षांत, चार थपडांत, इतक्या लाथांत जे पाणी डोळ्यांत आलं नव्हतं ते आलं.

"ही यांची न्हाय," शेवंताबाई ओरडली, आणि तिचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "यांचा अपशकून गेला खड्ड्यात! चार खाल्ल्यास आनि हात बांधून उभी राह्यलीस, त्याची हाय ही. कोनी शिकवलं तुला असं उभं राहाया? मी शिकवलं? बापानं शिकवलं? ज्या कामासाठी कुनाच्याही बायकांकडनं तोंड फोडून घ्याया लागतं, त्या कामाचं काय लोणचं घालायचंय? बोल ना! बोल!"

 धम्मदिनाला लाज वाटली. मारानं नाही वाटली ती, याच्यानं वाटली. शेठनं एक फोन करीन म्हटलं आणि आपण लगेच हात मागं बांधले, हे तिला आता दिसलं. शेठ खरंच फोन करतो का, एवढंसुद्धा बघितलं नव्हतं तिनं. चालेल म्हणाली आणि हिशेब करत बसली, टाके किती, सूज किती. बारा वर्षं हेच चाललं होतं. तुझ्यात गोदी दिसते म्हणाले, चालेल. आगीत मर म्हणाले, चालेल. "अय्या, खरंच?" म्हण म्हणाले, तेही चालेल.

ती उठली. कमरेच्या पाकिटातून मोबाइल काढला. बोटांना रक्त होतं, काच नीट चालत नव्हती, ओढणीला पुसून तिनं नंबर लावला.

"शेठ, तुम्हाला फोन करायचा होता ना? नका त्रास घेऊ," ती म्हणाली आणि स्पीकर लावला.

"बोल, धम्मदिना!" कुणालचा आवाज आला. मागं कुणीतरी हातोडी ठोकत होतं, सेट उभा राहत असावा. "स्क्रिप्टचं रीडिंग जोरात चाललंय ना?"

"सर, मी सोमवारी येत नाही."

"काय? का? तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत ठीक आहे. गोदाम केसरीनाथशेठचं आहे. त्यांच्या गोदामात मी काम करणार नाही. दुसरीकडं शूट केलंत तर बोलवा."

"अगं लोकेशन लॉक आहे, सेट लागलाय! वेडी आहेस का? असा रोल परत..."

"माहीत आहे सर," ती म्हणाली. आवाज कापला, तिनं तो लपवला नाही. "मला माहीत आहे. दुसरी घ्या."

फोन ठेवला.  तिनं आईचा हात धरला आणि दोघी पायऱ्यांकडं निघाल्या.

सार्थकला ते सोसवलं नाही. मार खाल्लेल्या माणसानं रडत जावं, अशी त्याची समजूत. मागून येऊन त्यानं कमरेत अशी लाथ घातली की धम्मदिना तीन पायऱ्या सोडून खाली तोंडावर पडली. पुढचा दात ओठातून आरपार गेला. शेवंताबाईनं फुललेल्या झेंडूची कुंडी उचलली आणि त्याच्या नडगीवर आपटली. तो मटकन बसला. त्याचे मित्र पुढं सरसावले, तेव्हा शेठ कोरड्या आवाजात बोलला.

"सोडा. पाच जाल्या."

रीत पुरी झाली होती त्याच्या हिशेबानं. लोक बाजूला सरले, कुणी हात लावला नाही, कुणी पाणीही दिलं नाही. मोबाइल तेवढे वरच होते. मांडवाबाहेर नामा बांधावर बसून दात मुठीत धरून रडत होता. त्याला उठवून बरोबर घेतलं.

रस्त्यावर ऊन अजून होतं. धामणकर नाक्याकडं जाणारी एक रिक्षा थांबली, तिघांची तोंडं पाहून पळून गेली. दुसरीचीही तीच तऱ्हा. धम्मदिनानं ओढणीचा बोळा ओठांवर दाबून धरला होता. तो भिजून लाल झाला की ती पिळायची आणि परत दाबायची. शेवंताबाई उजवा हात डाव्या हातात घेऊन उभी होती. तळवा लाल होऊन टम्म सुजला होता, बोटं मिटत नव्हती.

"आई, हाताला लागलं का गं?" धम्मदिनानं विचारलं.

"लागलं," शेवंताबाई म्हणाली. "लय लागलं." आणि रस्त्याच्या कडेला खाली बसून ती हंबरडा फोडून रडली.